रिकाम्या झोळीची अंगाई

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गंधालीचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि हॉलच्या छताला एक लोखंडी कडी. घर बघायला आले तेव्हा गंधालीने नळाला पाणी किती येतं ते पाहिलं, तिच्या नवऱ्याने, हर्षदने, स्टेशन किती लांब ते पाहिलं. सासूबाईंनी दारातूनच मान वर केली आणि म्हणाल्या, "बरा झाला. झोळी टांगूक जागा आसा."

"आई, अजून कशात काही नाही," गंधाली हसत म्हणाली होती.

"कडी तरी आसा मगे."

पुढे इरावती झाली आणि कडीला झोळी लागली. सासूबाईंची, नंदाबाईंची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली सुती साडी, तिला बांधलेली दोरी. दुपारी नंदाबाई मेथी निवडायला बसत. दोरी पायाच्या अंगठ्यात, हात भाजीत, आणि ओठांवर गाणं. झोळी पुढे गेली की कडी करकरायची, मागे आली की करकरायची. गाणं त्या करकरीवरच पाय ठेवत चालायचं. गंधाली ऐकत राहायची. ऐकता ऐकता तिला स्वतःच्या ओळी सुचायला लागल्या. नंदाबाईंच्या गाण्यांत समुद्र होता, माड होते. गंधालीच्या गाण्यांत खिडकीतून दिसायचं तेच आलं.

*नीज आली बाई, खाडीवरून चालत*
*पायी वाळा घालत, हळूहळू*

*मिठागरी ऊन, पाठ टेकी थोडी*
*सावलीची गोधडी, डोंगराची*

*झोळीत निजली, इरूबाय माझी*
*दारी जाई ताजी, उमलली*

एकदा तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून हे गाणं टिपलं आणि धाकट्या भावाला, मिहिरला पाठवलं. मिहिर अंधेरीला एका जाहिरातीच्या कंपनीत होता. लोकांनी काय बघावं आणि किती वेळ बघावं, हे ठरवणं त्याचं काम. त्याने तिला चॅनेल उघडून दिलं. नाव गंधालीनेच ठेवलं: दोरी आणि गाणं.

तिचे नियम साधे होते. स्वतःचा चेहरा दाखवायचा नाही, पोरीचा तर नाहीच. दिसायची ती दोरी, दोरीवरचा हात, झोळीचं पोट आणि मागे खिडकीतलं ऊन. गाणं एका दमात म्हणायचं, चुकलं तर चुकलेलंच ठेवायचं. घाटकोपरच्या एका क्लासमध्ये ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत असे. प्रयोगात आलेला आकडाच वहीत मांडायचा, पुस्तकातल्या उत्तराशी जुळणारा नाही, असं मुलांना रोज सांगणारी बाई घरी येऊन दुसरं काय करणार?

ऐकणारे थोडेच होते, पण घट्ट होते. दुबईची एक नर्स होती. मानखुर्दची श्वेता होती, जिचं पहिलं बाळ रात्रंदिवस रडायचं आणि या करकरीवर झोपायचं. "ताई, आज नवीन नाही का?" असं तिने विचारलं की गंधालीचा दिवस गोड व्हायचा.

मग इरावती मोठी झाली. तिचे पाय झोळीबाहेर आले, ती शाळेत गेली, आणि झोळी उतरून कपाटात गेली. गंधालीने गाणी चालू ठेवली. खिडकीशी बसायची, फोन डब्याला टेकवायची, गायची. पण ऐकणारे हळूहळू उठून गेले. भांडून नाही, कंटाळूनही नाही. पाहुणे जसे चपला शोधत शोधत निघतात, तसे.

"आवाज तोच आहे, ताई," मिहिर फोनवर म्हणाला. "पण तुझी ती करकर कुठेय? आता कसं, स्टुडिओत गायल्यासारखं वाटतं. खोटं."

खोटं हा शब्द तिला लागला. खरंच तर होतं सगळं. पण तिनेही ऐकून पाहिलं, आणि मिहिर बरोबर होता. ही गाणी कुणालातरी म्हणायची असतात. समोर कुणी नसलं की ती नुसती चांगली वाटतात.

"झोळी लाव ना परत," मिहिर म्हणाला. "आत कोण बघतंय?"

तिने संध्याकाळी नंदाबाईंपुढे विषय काढला. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण भाकरी एका बाजूने जाड झाली.

"रिकामी झोळी हलवूची नाय, गो."

"का पण?"

"माका काय म्हायत? आमच्या आवशीन सांगितल्यान, मी तुका सांगतंय." थोड्या वेळाने तव्याकडे बघत त्या म्हणाल्या, "माणूस नसताना ताट वाढून ठेवतत काय?"

गंधालीने विषय सोडला.

गणपती झाले आणि नंदाबाई भावाकडे, कुडाळजवळच्या आपल्या गावी राहायला गेल्या. घरात दुपारी फार शांत वाटायला लागलं. इरावती शाळेत, हर्षद ऑफिसात, क्लास संध्याकाळी. गंधालीने कपाट उघडलं. साडीला कापराचा वास येत होता. स्टुलावर चढून तिने गाठ मारली, ओढून पाहिली, खाली उतरली आणि दोरी हातात घेतली.

झोळी हलली. कडी गप्प.

तिला हसूच आलं. कडी करकरते ती वजनाने. रिकाम्या सुती साडीला कसलं वजन? मिहिरला सांगितलं तर तो म्हणाला, "उशी टाक. तांदळाचा डबा टाक. काय यार, ताई."

तिने उशी ठेवून पाहिली. झोळीचं पोट भरलं, कडी थोडीशी कुरकुरली. बघणाऱ्याला अगदी खरं वाटलं असतं, आणि म्हणूनच तिला ते नको झालं. उशीला बाळ म्हणून दाखवायचं आणि लोकांनी वा वा म्हणायचं? तिने उशी काढली. आहे ते असं आहे. रिकामी झोळी, तिच्या पोरीची, आणि ती पोर मोठी झाल्यावर उरलेलं गाणं. तिसऱ्या कडव्यात इरूचं नाव यायचं. पण इरू आता झोळीत नव्हती. नावाची जागा तिने मोकळी ठेवली, तिथे नुसतं हं म्हटलं.

*झोळीत निजली, हं… माझी*
*दारी जाई ताजी, उमलली*

गाणं टाकताना तिने खाली लिहिलं: *झोळी रिकामी आहे. गाणं खरं आहे.*

संध्याकाळी क्लास सुटल्यावर तिने फोन पाहिला. जुनी माणसं परतली होती. "नावाच्या जागी आमच्या विहूचं नाव घातलं, झोपला." "ही मोकळी जागा फार आवडली." गंधाली घाटकोपरच्या फलाटावर उभी राहून वाचत होती आणि तिचा चेहरा इतका उजळला होता, की शेजारच्या बाईने तिला विनाकारण वाट दिली.

श्वेताचा निरोप शेवटी होता. मध्यंतरी तिला दुसरं बाळ झालं होतं. "ताई, करकर परत आली. किती बरं वाटलं."

करकर नव्हती. सवयीने ऐकू आली असेल, असं म्हणून गंधालीने इअरफोन लावला. गाण्याच्या शेवटाकडे, तिच्या आवाजाखाली, अगदी हलकी, करकर होती. पंख्याची असेल. पंखा जुना होता.

दुसऱ्या दिवशी तिने पंखा बंद ठेवला.

तरी होती.

त्यानंतरच्या दुपारी छान गेल्या, हे कबूल करायलाच हवं. ऊन तिरकं होऊन लादीवर यायचं, खाली भंगारवाला ओरडत जायचा, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी गाण्यात शिरायची. गंधाली ती तशीच ठेवायची. रोज नवी ओळ सुचत होती. ऐकणारे वाढत होते. ठाण्याचे, नागपूरचे, कुठल्या कुठल्या देशांतले. प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेत आपापल्या बाळाचं नाव ठेवत होता. तिने काही बदललं नव्हतं, कुणाला काही विकलं नव्हतं. वाटलं ते गायली आणि लोक आले. यापेक्षा माणसाला काय हवं?

करकर आता खोलीतही ऐकू यायची. साडी दमटपणाने ताणली असेल, गाठ आवळली असेल. झोळीचं पोटही जरा खाली आलं होतं. जुनं सूत, ओघळणारच.

झोक्याची लय तीच होती, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. लंबकाचा धडा ती दर वर्षी शिकवायची. जड असो की हलका, लांबी तीच तर लय तीच. झोळी रिकामी आहे की भरलेली, हे लयीवरून कळत नाही. दोरी सोडल्यावर कळतं. रिकाम्या कापडाला हवा लगेच थांबवते. भरलेली झोळी हलत राहते, खूप वेळ हलत राहते.

एकदा गाणं संपलं आणि दारावरची बेल वाजली. गंधालीने दोरी सोडली, कुरिअर घेतलं, सही केली, त्या पोऱ्याला पाणी दिलं, शेजारच्या मृणालिनीताईंशी पाणी कधी जाणार यावर दोन शब्द बोलली, दार लावलं आणि वळली.

झोळी हलत होती. सावकाश, पूर्ण, पुढे आणि मागे.

ती बघत राहिली. घाबरली का? तिला नीट सांगता आलं नसतं. तिने एवढंच केलं की कुरिअरचं पाकीट फाडताना आवाज होऊ नये म्हणून ते स्वयंपाकघरात नेलं.

त्या रात्री जेवताना तिने श्वेताचा निरोप वाचला. "ताई, बाळाला सर्दी झालीय का? आज श्वास जरा भरल्यासारखा वाटला. ओवा भाजून पुरचुंडी ठेवा जवळ."

गंधालीने लिहिलं, "अगं, बाळ नाहीये. झोळी रिकामी आहे. खाली लिहिलंय बघ."

"हो, वाचलं," श्वेताचं उत्तर आलं. "दृष्ट लागू नये म्हणून लिहिता ना? मी समजले."

मिहिर आला तो शनिवारी दुपारी, हातात समोसे घेऊन. इरावती चित्रकलेच्या वर्गाला गेली होती.

"झकास चाललंय तुझं," तो सोफ्यावर पसरत म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या फोनवर तू आहेस. पोरंबाळं नसलेले पण ऐकतात."

"झोप कुणाला नकोय?"

"तेच. म्हणून सांगतो, ऐक. एक बाळतेलवाली कंपनी आहे. चांगली माणसं आहेत. त्यांना तुझं गाणंच हवंय, एक अक्षर बदलायचं नाही. फक्त तो तुझा हं आहे ना, तिथे तेलाचं नाव."

"बाळाच्या नावाच्या जागी तेलाचं नाव?"

"एकदाच गं. चाल तीच. तू तीच. तुझं खरेपण कुठे जातंय त्यात?"

गंधालीने समोसे ताटलीत काढले. तो वाईट सांगत नव्हता. लोक वाढले होते ते आणखी वाढले असते. शिवाय तिच्या भावाची ऑफिसात मान वर झाली असती, तेही होतंच.

"एकदा म्हणून बघते," ती म्हणाली. "आवडलं नाही तर नाही."

"माझी ताई."

त्याने तिचा फोन धरला. ती दोरी घेऊन बसली. नीज खाडीवरून चालत आली, ऊन मिठागरावर टेकलं. कडी शांतपणे करकरत होती. तिसरं कडवं आलं. *झोळीत निजली*, ती गायली, आणि तेलाचं नाव घेतलं.

झोळी थांबली.

मंदावली नाही. पुढे गेली होती, तिथेच थांबली. खिडकीच्या बाजूला, तिरकी, हवेत.

गंधालीने दोरी ओढली. दोरी आली नाही.

"ताई," मिहिर म्हणाला.

तिने पुन्हा ओढली. दोरी ताठ झाली, बोटात रुतली.

झोळीच्या कापडावर आतून एक लहानसा उंचवटा आला. टाच कापडाला टेकावी, तसा. सरकला. गेला.

मिहिरने फोन खाली केला.

"हं," गंधाली म्हणाली. तिला कळलंही नाही ती म्हणाली ते. मग हलक्या आवाजात तिने ओळ पुन्हा धरली, पहिल्यासारखी, मोकळी. *झोळीत निजली, हं… माझी.*

दोरी सैल झाली. झोळी मागे आली. कडी करकरली.

मिहिरने समोसे खाल्ले नाहीत. "मी सांगतो त्यांना नाही म्हणून," तो म्हणाला आणि उठला. चपला त्याने हातात घेतल्या आणि लिफ्टपाशी जाऊन घातल्या. टिपलेलं गाणं तिने त्याच्यादेखतच पुसून टाकलं होतं. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

नवल याचं की गंधालीला त्या रात्री छान झोप लागली. तिच्या हातून एक खोटी ओळ जाता जाता राहिली होती. पुढच्या दुपारी तिने गाणं म्हटलं ते इतकं आतून आलं, की संपल्यावर तिचे डोळे भरले होते. श्वेताने लिहिलं, "आज बाळ खुशीत होतं."

नंदाबाई परतल्या त्या कोकमं, तांदूळ आणि गावच्या बातम्या घेऊन. दारातच सुरू झाल्या: भावाची सून, विहिरीचं पाणी, एसटीतला कुणीतरी भांडखोर माणूस. बोलत बोलत हॉलमध्ये आल्या, मान वर गेली, झोळी दिसली.

बोलणं थांबलं नाही. आवाज तेवढा खाली आला. भांडखोर माणसाची उरलेली गोष्ट त्यांनी कुजबुजत सांगितली. मग पिशवी जमिनीवर ठेवली, तीही आवाज न करता.

"कधी लावलंस?"

"तुम्ही गेल्यावर." गंधालीने मान खाली घातली नाही. "आत काही ठेवलं नाही, आई. उशीसुद्धा नाही. लोकांना फसवायचं नव्हतं."

"फसवलं असतंस तर बरा झाला असता," नंदाबाई म्हणाल्या. "उशी ठेवली असतीस तर जागा भरली असती."

त्या झोळीजवळ गेल्या, पण आत डोकावल्या नाहीत. गंधालीही इतके दिवस डोकावली नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. निजलेल्या बाळाच्या झोळीत कुणी उगाच डोकावत नाही.

"सोड ती. कपाटात ठेव."

गंधालीने स्टूल आणलं. वर चढली. गाठ घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागणार होते. तिने बोटं गाठीत घातली आणि खाली पाहिलं.

नंदाबाईंनी दोन्ही तळहात झोळीखाली धरले होते. घट्ट, ओंजळ करून. गाठ सुटली तर आतलं पडू नये म्हणून धरतात, तसे.

त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग सुनेकडे. हात मात्र काढले नाहीत. त्यांच्या मनगटांवरच्या शिरा वर आल्या होत्या.

खाली भंगारवाला ओरडत गेला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एक वर, एक खाली.

"ऱ्हवांदे," नंदाबाई शेवटी म्हणाल्या. "उतर तू. सावकाश."

गंधाली उतरली. गाठ तशीच राहिली. नंदाबाईंनी हात हळूहळू, आधी एक, मग दुसरा, बाहेर घेतले आणि पदराला पुसले. मग त्या मेथीची जुडी घेऊन खाली बसल्या. आपसूक पाय लांब झाला, आपसूक दोरी अंगठ्यात गेली.

"गा," त्या म्हणाल्या. "जागा झाला तर मगे तुझोच क्लास चुकतलो."

गंधाली गायली. ऊन लादीवर आलं. मेथीचा ओला वास, करकर, आणि त्या दोघी. कडव्यामागून कडवं येत गेलं, नवी ओळही सुचली. नंदाबाईंनी दुसऱ्यांदा ती ओळ तिच्याबरोबर उचलली. इतकं छान गाणं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

संपल्यावर तिने ते चॅनेलवर टाकायला घेतलं. खाली नेहमीची ओळ बोटांनीच लिहून टाकली: *झोळी रिकामी आहे. गाणं खरं आहे.* आणि थांबली.

ऐकणाऱ्यांना तिने आजवर खोटं सांगितलं नव्हतं. ते तिच्यावर विश्वास ठेवून आपापल्या बाळांना झोपवत होते.

पहिलं वाक्य तिने पुसलं. दुसरं राहू दिलं.

मग मागे जात जात जुन्या गाण्यांखालचंही पुसलं. अगदी पहिल्या दिवसाच्या गाण्यापाशी आल्यावर तिचं बोट अडखळलं. हे तरी खरं असेल. त्या दिवशी तिने स्वतः उशी काढली होती, स्वतः पाहिलं होतं, आणि शेवटाकडची ती हलकी करकर पंख्याची असू शकत होती. तिने इअरफोन लावला. नीज खाडीवरून चालत आली, कडी गप्प. ऊन मिठागरावर टेकलं, कडी गप्प. तिसऱ्या कडव्यात ती हं म्हणाली, आणि कडी करकरली.

तिथलीही ओळ तिने पुसली.